ट्रेवरचा बाण

घरात काहीही बंद पडलं की सून आधी त्या वस्तूकडे बघतच नसे. ती माणसांकडे बघे. कधी बंद पडलं, त्याच्या आधी कोणी हात लावला होता, आवाज आला होता का, वास आला होता का. सतरा वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत काढल्यावर तिचं मत पक्कं झालं होतं की यंत्र खोटं बोलत नाही. माणसं मात्र 'आम्ही काहीच केलं नाही' इथूनच सुरुवात करतात. लिफ्टमध्ये तिरकं करून कपाट कोंबलेलं असतं, पायाने दार अडवून पाच-पाच मिनिटं गप्पा ठोकलेल्या असतात, आणि चेहरे असे की जणू लिफ्ट हे काय असतं तेच त्यांना माहीत नाही. म्हणून ती एकेकाला उभं करून विचारायची. सासूबाई म्हणायच्या की आमच्या घरात मिक्सर बंद पडला तरी जबाब द्यावे लागतात.

सासऱ्यांचं इंजिन बंद पडलं तेव्हा मात्र तिने कोणालाच काही विचारलं नाही. कारण सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी खाली येऊन सांगून टाकलं होतं, "माझे हात गेले." या वाक्यावर उलटतपासणी करायची घरात कोणाची छाती झाली नाही. तीन आठवडे ते वाक्य घरात तसंच पडून राहिलं.

सासरे घड्याळजी. एक्केचाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली आणि मिटली. दुकान विकलं तेव्हा आता हे घरात सगळ्यांच्या डोक्यावर बसणार, अशी सासूबाईंना धास्ती होती. पण ते वरच्या खोलीत जाऊन बसले आणि तिथे त्यांनी रेल्वे काढली. जुन्या दाराच्या फळ्या जोडून केलेलं मोठं टेबल, त्यावर रूळ, दोन स्टेशनं, एक बोगदा, रंगवलेल्या स्पंजची झाडं, आणि फलाटावर नखाएवढी माणसं. अकरा वर्षांत त्या माणसांपैकी एकाचीही गाडी चुकली नव्हती. गाडी ओढायला एकच इंजिन होतं. निळं, डिझेलचं, वीतभर लांबीचं. दुसरं घ्या म्हटलं की सासरे विचारायचे, "आहे त्याला काय झालंय?"

आणि मग एक दिवस त्याला झालं. ते धक्के देत चालायला लागलं. सासऱ्यांनी ते उघडलं, आतलं सुकून चिकट झालेलं ग्रीस काढलं, चाकं पुसली, सगळं पुन्हा बसवलं आणि इंजिन रुळावर ठेवलं. ते जागचं हललं नाही. उलट रुळांना वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरचा दिवाही गेला. त्यांनी पुन्हा इंजिनाचं वरचं कवच, म्हणजे टप, काढला, गिअरचा एकेक दात भिंगाखाली पाहिला. एकाही दाताची तक्रार नव्हती. चाकं बोटाने फिरवली तर लोण्यातून फिरावीत तशी फिरत होती. टप लावला, इंजिन ठेवलं, पुन्हा तेच. मग त्यांनी भिंग डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली आणि ते खाली येऊन ते वाक्य बोलले.

त्यांचे मित्र चष्मेवाले. चष्म्यांच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, म्हणून जगासाठी चष्मेवाले. त्यांनी लगोलग डोळे तपासून दिले. नंबर जसाच्या तसा निघाला. सासरे म्हणाले, बघ, म्हणजे डोळे नाहीत, हातच. चष्मेवाल्यांचा त्या रेल्वेवर अकरा वर्षांपासून डोळा होता, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी आठवडाभर मित्राला समजावलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. परवा मात्र सासऱ्यांनी फोन करून निक्षून सांगितलं की येऊन सगळं घेऊन जा, नाहीतर मी भंगारात देईन. भंगार हा शब्द ऐकल्यावर चष्मेवाले हो म्हणाले. ते आज पाच वाजता येणार होते, रिकामी खोकी घेऊन.

हे सगळं सुनेला जेवताना कळलं. सासरे जेवून आडवे झाले होते. साडेचारपर्यंत ते उठणार नव्हते. नवरा कामावर गेलेला. सासूबाई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, की जाऊ दे रेल्वे, खोली रिकामी झाली तर बरंच आहे. मग म्हणाल्या, "परवा शर्टाचं बटण लावायचं होतं. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं, तर सुई परत माझ्याच हातात दिली. बघितलीसुद्धा नाही गं."

या घरातला प्रत्येक दोरा आजवर सासऱ्यांनीच ओवला होता. सुनेने हात धुतले, ऑफिसला फोन करून अर्धी रजा टाकली आणि कामाची पिशवी घेऊन ती वर गेली. घड्याळात सव्वादोन वाजले होते. सव्वादोन तास म्हणजे तिच्या हिशेबी भरपूर वेळ होता. सात मजल्यांची लिफ्ट ती याहून कमी वेळात चालू करत असे, आणि तेही खाली उभे राहून वर बघणाऱ्या वीस माणसांच्या समोर.

खोलीत धूळ बसली होती. खिडकीला लागून सासऱ्यांचं कामाचं टेबल, त्याच्या पलीकडच्या कडेला लांब हाताचा भिंगाचा दिवा. मधल्या मोठ्या टेबलावर रेल्वे, आणि स्टेशनात उभं ते निळं इंजिन. फलाटावरची माणसं तीन आठवडे त्याच्याकडे बघत उभी होती.

तिने इंजिन उचलून बाजूला ठेवलं आणि कंट्रोलर लावला. दिवा लागला. मीटरच्या दोन सुया दोन रुळांना टेकवल्या, बारा व्होल्ट आले. बोगद्याच्या आत हात घालून तिथेही पाहिलं. तिथेही बारा. मग इंजिन रुळावर ठेवलं. दिवा गेला. उचललं, दिवा आला. ठेवलं, गेला. तिने असं चार वेळा केलं, कारण तिला ते आवडलं होतं. कंट्रोलर शहाणा होता. कुठे शॉर्ट झालं की तो स्वतःला वाचवायला वीज तोडत होता. म्हणजे रूळ निर्दोष सुटले, तारा सुटल्या, कंट्रोलर सुटला. गुन्हेगार एकटाच होता आणि तो तिच्या हातात होता. ती गुणगुणायला लागली. काम हाताशी आलं की ती बेसूर गुणगुणायची. तिचे सहकारी तेवढ्यावरून जेवणाचे डबे उघडायला घ्यायचे.

दोन स्क्रू काढून तिने टप उचलला, उलटा केला, आणि गुणगुणणं थांबलं.

टपाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तारखा होत्या. ही घड्याळजींची जुनी रीत. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, तारीख आणि आपली खूण कोरायची. पुढे कधी दुसऱ्या कोणी ते उघडलं तर त्याला कळावं की आधी कोणाचा हात फिरलाय. अकरा वर्षांच्या तारखा होत्या, एकाखाली एक, मुंगीच्या पायांएवढ्या. शेवटची तीन आठवड्यांपूर्वीची. आणि तिच्या खाली एक आडवी रेघ.

ती रेघ तिला माहीत होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी सासऱ्यांनीच दुकानात दाखवली होती. ज्या घड्याळात आता काही राम नाही, ते पुन्हा उघडून कोणी वेळ घालवू नये, त्याच्या झाकणात ते अशी रेघ मारत. एक्केचाळीस वर्षांत अशा रेघा त्यांनी मोजून सहा की सात मारल्या होत्या, आणि रेघेखाली कधी काही लिहिलं नव्हतं. सुनेला वाईट वाटलं, आणि मागोमाग चांगलाच राग आला. मीटर न लावता रेघ मारायची म्हणजे काय?

तिने मोटारीच्या तारा सोडवल्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी थेट मोटारीला लावली. मोटार गुर्र करून फिरली. जळाली-बिळाली काही नव्हती. राहिली चाकं. तिने मीटर बीप वाजण्यावर ठेवला, एक सुई डाव्या चाकाला, दुसरी उजव्या चाकाला. मीटर ठणाणा ओरडला. तो गप्प राहायला हवा होता.

आता इथे थोडं समजून घ्यायला हवं. या रेल्वेत एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. इंजिनाच्या खाली चाकांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीत दोन चाकं आणि मधे लोखंडी दांडी. दोन्ही चाकं दांडीला नुसती जोडली तर वीज एका रुळातून थेट दुसऱ्या रुळात जाईल आणि मोटारीला काही मिळणार नाही. म्हणून प्रत्येक जोडीतल्या एका चाकाच्या पोटात प्लास्टिकची बारीक कडी असते. ती वीज अडवते. चारही जोड्यांची कडीवाली चाकं एकाच बाजूला यायला हवीत, हाच काय तो नियम. चारही दांड्या इंजिनाच्या लोखंडी सांगाड्याला टेकलेल्या असतात, त्यामुळे एकही जोडी उलटी बसली की शॉर्ट. आणि लांबून पाहिलं तर सगळी चाकं सारखीच दिसतात.

तिने एकेक जोडी सोडवायला घेतली. पहिली काढून पाहिली, मीटर ओरडतच होता, म्हणून ती परत बसवली. दुसरी, तिसरी, तेच. चौथी जोडी उचलली आणि मीटर गप्प झाला. तिने ती जोडी खिडकीकडे धरली. तिन्ही जोड्यांची कडी डावीकडे होती, हिची उजवीकडे. पाऊणएक तासात चोर सापडला होता. उलटी जोडी सुलटी करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. ती खुर्चीत मागे रेलली आणि पुन्हा गुणगुणायला लागली. दोन कडवी झाली असतील, तोवर तिच्या लक्षात आलं की हे काही खरं नाही.

जोडी उलटी बसवली होती ती सासऱ्यांनीच. दुसरं कोणी इंजिनाला हात लावत नव्हतं. म्हणजे इंजिन चालू होणार, आणि त्यांना विचारल्याशिवाय ते राहणार नाहीत की काय झालं होतं. मग काय सांगायचं? जोडी उलटी बसवलीत? एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाने एक चाक इकडचं तिकडे केलं नाही, त्याला? ते म्हणणार, मी तेच म्हणत होतो. आणि हसत हसत सगळं चष्मेवाल्यांच्या खोक्यात भरून देणार. इंजिन चालू झालं तरी माणूस बंदच राहणार होता.

गुडघा धरत सासूबाई वर आल्या. सुनेने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. तार सुटली होती म्हणून सांग, म्हणाल्या. तारा काय, कोणाच्याही सुटतात. सुनेलाही ते पटलं. खोटं बोलणाऱ्या माणसांवर सतरा वर्षं डाफरल्यावर आपल्याही वाट्याला एखादं खोटं यायला हरकत नाही, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. सासूबाई खाली गेल्या आणि तिने सुटी चाकं ठेवायला कोपऱ्यातला सासऱ्यांचा ट्रे ओढला.

सासऱ्यांचा ट्रे हे एक वेगळंच प्रकरण होतं. दुकानातला गोल पत्र्याचा ट्रे. काम सुरू करताना ते त्यावर धुतलेला पांढरा रुमाल पसरत, त्यावर पेन्सिलीने तारीख घालत आणि कडेला एक बाण काढत. बाण नेहमी खिडकीकडे, म्हणजे पलीकडे, भिंगाच्या दिव्याच्या हाताखाली. इंजिनाचं तोंडही बाणाकडे. मग जो भाग जसा निघाला तसाच, त्याच दिशेने, रुमालावर ठेवायचा. बसवताना विचार करायचाच नाही. जसं पडलंय तसं चिमट्याने उचलायचं आणि बसवायचं. डोकं चुकतं, ट्रे चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

रुमाल अजून ट्रेवरच होता. तारीख तीच, तीन आठवड्यांपूर्वीची. आणि बाणाच्या भोवती, बरोबर त्याला मधे धरून, चहाच्या कपाचा तपकिरी गोल डाग.

सून त्या डागाकडे बघत बसली. बाण पलीकडच्या कडेला असतो. तिथे वर दिव्याचा हात आडवा येतो, कप ठेवताच येत नाही. मग बाणावर कप आला कुठून?

आणि मग तिला आठवलं. त्या दिवशी तिला सुट्टी होती. सासूबाईंचा गुडघा धरला होता म्हणून चहा तीच वर घेऊन आली होती. सासरे हात धुवायला गेले होते. टेबलावर कप ठेवायला बोटभर जागा नव्हती, जिकडेतिकडे रुळांचे तुकडे आणि तेलाच्या बाटल्या. ट्रेवर मधोमध चाकांची एकच जोडी होती. अलीकडे कसलंतरी झाकण, पलीकडे सगळं रिकामं. तिने दोन बोटांनी ट्रे अर्धा फिरवला, रिकामी बाजू अलीकडे आली, तिथे कप ठेवला आणि ती निघून गेली. किती जपून ठेवला आपण, असंही तिला वाटलं होतं.

तिचे कान तापले. लिफ्टचं काम सुरू केलं की ती खालच्या मुख्य स्विचला पाटी अडकवायची. काम चालू आहे, हात लावू नये. ती पाटी कोणी नुसती सरळ केली तरी ती त्याची सात पिढ्या आठवण राहील अशी हजेरी घ्यायची. आणि दुसऱ्याच्या चालू कामाला स्वतः हात लावून ती तीन आठवडे शांतपणे जेवत होती. घरातल्या प्रत्येकाला ती विचारायची, आधी कोणी हात लावला होता. या वेळी स्वतःलाच विचारायचं राहिलं होतं.

पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच जास्त झाला होता. तार सुटल्याचं खोटं आता कशाला हवं होतं? तिने चौथी जोडी पुन्हा उलटीच बसवली, बाकीच्या तिन्ही सुलट्या होत्याच, मोटारीच्या तारा जोडल्या आणि टप तेवढा बाजूला ठेवला. साडेचारला सासरे उठले तेव्हा ती खाली त्यांच्या दारात उभी होती. तिने त्यांना पाच मिनिटं वर यायला सांगितलं. ते म्हणाले, चष्मेवाला येईलच आता, तोच उचलेल. ती म्हणाली की चष्मेवाल्यांना देण्याआधी एक जबाब नोंदवायचाय, आणि जबाब तिचा स्वतःचा आहे. ते आले. उत्सुकतेपेक्षा आश्चर्यानेच आले असावेत.

वर आल्यावर तिने आधी मीटर लावून दाखवला, मग चौथी जोडी दाखवली, मग रुमाल. मग ट्रे कसा फिरवला तेही करून दाखवलं. ते सगळं ऐकून घेत होते, आणि चेहऱ्यावर अगदी मायेचं हसू होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून एवढी तयारी केलीस. गुणाची आहेस."

"बाबा, मी कोणाला बरं वाटावं म्हणून आजवर काही बोललेय का?"

हा मुद्दा बिनतोड होता. मागून वर आलेल्या सासूबाईंनीही मान डोलावली. पण सासरे डागाकडे बघून म्हणाले की डाग काय, कधीही पडला असेल. आणि ट्रे फिरला असेलही. पण मी समोर बसलो तेव्हा बाण कुठे आहे ते मला दिसायला नको होतं का?

"बाणावर कप होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही चहा कधी पिता?"

याचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. हातातलं काम मिटेपर्यंत सासरे चहाला शिवत नसत. गार चहावरून त्या घरात वर्षानुवर्षं भांडणं झाली होती. म्हणजे त्यांनी जोडी बसवली, चाकांखालचं झाकण लावलं, टप घातला, सगळं बाणावरचा कप हलण्याआधी. कप उचलला तो शेवटी, आणि तो हातात घेऊनच ते रुळाकडे वळले. मागे ट्रेकडे बघायचं कारणच नव्हतं.

सासऱ्यांनी रुमाल जवळ ओढला. खाली दाराची कडी वाजली, चष्मेवाल्यांचा आवाज आला, सासूबाई त्यांना वर या म्हणाल्या. ते तीन रिकामी खोकी पोटाशी धरून दारात उभे राहिले आणि कोणीच आपल्याकडे बघत नाही हे पाहून गप्प झाले.

"झाकण," सासरे सावकाश म्हणाले. "ट्रेवर झाकण होतं. तू म्हणालीस ते अलीकडे होतं?"

"अलीकडे. तुमच्या बाजूला. म्हणून तर फिरवला."

"हात धुऊन आलो तेव्हा ते पलीकडे होतं." ते बोटाने रुमालावर जागा दाखवत होते. "मी अलीकडे ठेवलंय असं मला पक्कं आठवत होतं, आणि ते होतं पलीकडे. मला वाटलं, मीच ठेवलं आणि विसरलो. पाच मिनिटांत विसरलो. त्यानंतर इंजिन चाललं नाही, तेव्हा..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती. ते आधीच घाबरले होते, इंजिन रुळावर ठेवायच्याही आधी, आणि त्या भीतीबद्दल घरात ते कोणापाशी बोलले नव्हते. सुनेला रडू यायला लागलं, म्हणून ती उगाच मीटरच्या वायरी गुंडाळायला लागली.

सासऱ्यांनी सासूबाईंना कपाटातली डबी आणायला पाठवलं. गुडघा दुखत असूनही त्या धावतच गेल्या. सासऱ्यांनी भिंग डोळ्याला लावलं, दिव्याचा हात खाली ओढला, चिमटा घेतला. चौथी जोडी उचलली, कडी कुठे आहे ती पाहिली, जोडी फिरवली आणि जागेवर ठेवली. झाकण लावलं. हात एकदाही थरथरला नाही. सुनेने मीटर पुढे केला, तर त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि सुया स्वतः टेकवल्या. मीटर गप्प. एक्केचाळीस वर्षं त्यांनी विजेच्या कामाला नाक मुरडलं होतं. आता त्यांनी चारही जोड्या एकेक करून तपासल्या, आणि मग पुन्हा एकदा तपासल्या.

इंजिन रुळावर ठेवलं. कंट्रोलरचा दिवा लागलेलाच राहिला. त्यांनी वेगाची चकती हळू फिरवली. टपाशिवायचं इंजिन एकदा अडखळलं, धूळ बसलेल्या रुळावरून पुढे सरकलं, स्टेशन सोडून निघालं आणि बोगद्यात शिरलं. बोगद्यातून ते बाहेर येईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. ते आलं. चष्मेवाल्यांच्या हातातली खोकी एकेक करून खाली पडली.

"मग मी काय, मोकळाच परत जाऊ?" त्यांनी विचारलं. पण ते इतके खूश होते की प्रश्न काही जमला नाही.

चार फेऱ्या झाल्यावर सुनेने माफी मागितली. ट्रे मी फिरवला, चूक माझी, असं ती सरळ म्हणाली. सासऱ्यांनी इंजिनावरची नजर न काढता मान हलवली.

"ट्रेला हात लावलास, ती तुझी चूक. त्याबद्दल बोलणारच आहे मी तुला, चांगलं तासभर. पण झाकण मी लावलं. ज्याने झाकण लावलं, त्याने तपासायचं, अशी आमच्या कामात रीत आहे. मी तपासलं नाही. विजेचं मला कळत नाही म्हणून बसलो, आणि सगळा आळ हातांवर घेतला." त्यांनी इंजिनाचा वेग थोडा कमी केला. "हातांना काही झालं नव्हतं. मीटर लावायचा राहिला होता."

त्यांनी हे असं म्हटलं की जणू कोणी त्यांना मोठं बक्षीस दिलंय. सुनेला वाटलं होतं त्यांना निर्दोष सोडवायचं. त्यांना ते नकोच होतं. त्यांना दुरुस्त करता येईल अशी चूक हवी होती, आणि ती मिळाली होती. सुनेने पिशवीतून आपली पाटी काढली, काम चालू आहे, हात लावू नये, आणि ती भिंगाच्या दिव्याला अडकवली. सासऱ्यांनी ती वाचली आणि दोरी थोडी आखूड करून पुन्हा बांधली.

मग त्यांनी इंजिन थांबवलं, टप उलटा करून दिव्याखाली धरला आणि सासूबाईंकडे सुई मागितली. सासूबाईंनी पदराला टोचलेली सुई काढून दिली. सगळे आत डोकावून बघायला लागले, चष्मेवाले सगळ्यात पुढे. त्यांनाही ती रेघ माहीत होती. रेघेच्या खाली सासऱ्यांनी आजची तारीख कोरली, मुंगीच्या पायांएवढी, आणि पुढे आपली खूण. मग टप सुनेच्या पुढे केला आणि तिला तिचीही खूण कोरायला सांगितली. तिची खूण वाकडी आली. ते म्हणाले, येईल हळूहळू.

सुई परत घेताना सासूबाईंनी विचारलं की बटण अजून तसंच आहे, त्याचं काय. सासऱ्यांनी भिंग डोळ्यावर सरकवलं, दोरा मागितला आणि एका झटक्यात ओवला.